अमीनाबादेतली त्रेचाळीस पानं

लखनौला निघताना मी बॅगेत एक शाल आणि एक नारळ घेतला होता, हे आधीच कबूल करून टाकतो. दोन्ही स्वतःसाठीच. माझा सत्कार करणारी माणसं परमुलखातली. ऐनवेळी त्यांची धांदल उडून सत्कारमूर्ती कोरडी परत यायला नको, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

सत्कार कशाबद्दल, ते सांगतो. गेली अकरा वर्षं मी कराडच्या एका दैनिकात दर रविवारी सदर लिहितो, आणि एकाच माणसावर लिहितो: जासूस वज्रनेत्र. दिवसा नगरपालिकेत जन्म-मृत्यूची नोंद करणारा कारकून, संध्याकाळी हिरवा अंगरखा चढवून खुन्यांच्या मागावर निघणारा महावीर. त्याच्या डाव्या डोळ्याला, पापणी न हलवता पाहिलं तर, त्या जागी सहा तासांपूर्वी काय घडलं ते दिसतं. हिंदी कॉमिक्स, एकूण अंक त्रेचाळीस, काढणारा प्रकाशक कधीच बुडालेला. ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस अंक अख्ख्या महाराष्ट्रात फक्त माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घरोघरी चहा उतू जातो तो माझं सदर वाचताना, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी, पण बाकीच्यांनी कुठं नाकारलंय?

या कॉमिक्सची खुबी अशी की त्यांत गुन्हेगार कधीच कळत नाही. शेवटी वज्रनेत्र सगळ्या संशयितांना एका खोलीत गोळा करतो, बोट उचलतो आणि म्हणतो, "और क़ातिल है…" पान उलटावं तर थेट मलपृष्ठ. संपलं! त्रेचाळीस वेळा हेच. जगातल्या कुठल्या लेखकाची अशी हिंमत झालीय? या हिमतीवर मी अकरा वर्षं लिहिलं. शेवटच्या पानाशी कागदाची एक चिकटवलेली पट्टी असते, त्या पट्टीला मी 'लेखकाने ओठांवर ठेवलेलं बोट' म्हटलं आणि तिच्यावर दीड पान खर्ची घातलं. आता या सगळ्याचं पुस्तक निघत होतं. नाव 'न सांगितलेला गुन्हेगार'. पुण्याच्या प्रकाशकाने अंतिम मुद्रितं माझ्या हातात कोंबून बजावलं होतं, "सोमवारी होकार द्या, मंगळवारी छपाईला."

अशात लखनौहून वैशालीवहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची, अजितदादाची बायको. दादा रेल्वेत इंजिनिअर, तीन वर्षांपूर्वी त्याची बदली लखनौला झाली.

"भाऊजी, इथं अमीनाबादेत तुमचे एक मोठे वाचक आहेत. बब्बन चचा. मी लेस-गोटा त्यांच्याकडूनच घेते. तुमचा रविवारचा लेख मी त्यांना हिंदी करून वाचून दाखवते. ते म्हणतायत, लेखक साहब को एक बार बुलाइए।"

"कशासाठी?"

"ते नाही सांगत. म्हणाले, फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही."

आता यातून कोणीही शहाणा माणूस काय अर्थ काढेल? मी शाल घ्यायला बाजारात गेलो.

पहिला दिवस: अमौसी ते चिनहट

पहिला धक्का पुण्यातच बसला. विमानतळावरच्या तपासणीत माझा नारळ पकडला गेला. केबिनमध्ये नारळ चालत नाही म्हणे. मी त्या शिपायाला सांगितलं, बाबा रे, हा फेकून मारायचा नारळ नव्हे, सत्काराचा आहे. तो म्हणाला, "कोणाचा सत्कार?" मी म्हणालो, "माझा." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे पाहिलं, आणि दोघांपैकी नारळ ठेवून घेतला.

अमौसीला, म्हणजे लखनौच्या विमानतळावर, उतरलो तर समोर काहीच नव्हतं. म्हणजे धुकं. कराडला धुकं पडतं ते नदीवर बसून राहतं, माणसांच्या वाटेला जात नाही. इथलं धुकं विमानाच्या शिडीवर न्यायला येतं. बाहेर हात लांब केला तर मला माझी बोटं दिसेनात, कोणीतरी ती हलवून "अरे बाळ्या!" म्हणालं तेव्हा कळलं की ती अजितदादाच्या हातात आहेत.

अजितदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी मामाही रेल्वेत, लखनौलाच. दादा चौदा वर्षांचा असताना मामाची बदली भुसावळला झाली, आणि तिथे रुजू होण्याआधी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कराडला आले तेव्हा त्याने वज्रनेत्राचा अख्खा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला. "घे. मी आता मोठा झालोय." मी दहा वर्षांचा. माझ्या आयुष्याला वळण लागलं ते त्या क्षणी. सदराच्या पहिल्याच लेखात मी दादाला 'माझा दाता' म्हटलं होतं. त्याने कधी एका शब्दाने प्रतिक्रिया दिली नाही. मला वाटायचं, केवढा हा विनय!

चिनहटला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत त्याने सिग्नल, रूळ आणि धुक्यात खोळंबणाऱ्या गाड्या यांवर इतकं बोलून घेतलं की वज्रनेत्राला गाडीत जागाच उरली नाही. घरी वहिनींनी पिठलं-भाकरी केली होती.

"ज्वारीचं पीठ इथं मिळायला सात जन्म लागतात, भाऊजी. मिळालं तर त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. बस, काम चलाऊ भाकरी आहे."

"उत्तम झालीय. उद्या अमीनाबादला किती वाजता निघायचं? दादा, तू येतोयस ना?"

दादाचा घास तोंडापाशी थांबला. "मला ऑफिस आहे."

"उद्या शनिवार," वहिनी म्हणाल्या.

"पार्किंग नाही तिथे."

"बघा! तीन वर्षं हेच ऐकतेय. बाकी सगळीकडे नेतात, अमीनाबाद म्हटलं की पार्किंग नाही. अहो, रिक्षाने जाऊ म्हटलं तर म्हणतात, गर्दी. गर्दी म्हटलं की धूळ. यार, शेवटी मी एकटीच जायला शिकले."

मी अकरा वर्षं गुन्हेगारांवर लिहितो. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर, डिसेंबरच्या थंडीत, पिठलं खाताना घाम आला होता. मी काय अनुमान काढलं? पिठल्यात तिखट जास्त झालंय.

दुसरा दिवस: अमीनाबाद

सकाळी रेशमी सदरा घातला. बॅगेत शाल, पुस्तकाची मुद्रितं आणि चाहत्यांना दाखवायला म्हणून कराडहून आणलेला एकच अंक: त्रेचाळिसावा, शेवटचा, 'बंद दवाखाने का राज़'. माझी सगळी कीर्ती त्याच्यावर उभी आहे. त्यात वज्रनेत्राच्या गुरूचा, म्हाताऱ्या डॉक्टरचा, आतून कडी लावलेल्या दवाखान्यात खून होतो. वज्रनेत्र डावा डोळा लावून पाहतो तर सहा तासांपूर्वीच्या खोलीत डॉक्टरशिवाय कोणीही नाही! मग खून केला कोणी? माझा सिद्धान्त असा की, खुनी म्हणजे वाचक. तो पानाच्या बाहेर आहे म्हणून त्या डोळ्याला दिसत नाही. आपण पान उलटलं म्हणून डॉक्टर मेला. हा सिद्धान्त मी सांगलीच्या एका कॉलेजात मांडला तेव्हा एका प्राध्यापकांना उचलून बाहेर न्यावं लागलं होतं. (त्यांना आधीपासून ताप होता, पण निमित्त मीच.)

अमीनाबादची गर्दी म्हणजे काय सांगू! आपल्याकडे जत्रेत माणूस ढकलतो आणि वर आपल्यालाच विचारतो, "दिसत नाही का?" इथे मला रिक्षाने मागून टोचलं आणि रिक्षावाला अदबीने म्हणाला, "हुज़ूर, ज़रा अपना मुबारक जिस्म समेट लीजिए।" अंगाचा असा सन्मान होऊन चिरडलं जाण्यात काही वेगळीच मजा आहे. मी तीन वेळा समेटला.

एका कोपऱ्यावर वहिनींनी मक्खन मलाई खायला घातली. थंडीतच मिळते. द्रोणात केशरी फेसाचा डोंगर. तोंडात घातला आणि नाहीसा झाला. काहीही पुरावा न ठेवता. मी द्रोण उलटा करून पाहिला. आमच्याकडचं लोणी भाकरीवर बसतं, आपण इथं आहोत हे सांगतं. हे लोणी आलं कधी नि गेलं कधी ते वज्रनेत्रालाही दिसलं नसतं. चार द्रोण खाल्ले, तपास लागला नाही.

बब्बन चचांचं दुकान इतकं अरुंद की त्यात चचा मावत होते हेच आश्चर्य. भिंतीभर गोटा, किनारी, जरीच्या पट्ट्यांची रिळं. मधोमध एक हडकुळे म्हातारे, पांढरी दाढी, अंगात लोकरी जाकीट. समोर तीन बायका दुपट्टे पसरून बसल्या होत्या. चचा उठून उभे राहिले आणि त्यांनी मला इतका लांब सलाम केला की मला वाटलं, हार उचलायला वाकले.

"आइए लेखक साहब। तशरीफ़ रखिए। आपके लेख भाभी से सुनते हैं। लिखते आप कमाल हैं।"

आता सत्कार सुरू होणार म्हणून मी हळूच शाल वहिनींच्या हातात दिली आणि डोळ्यांनी खुणावलं की यांच्याकडे द्या. वहिनींनी दिली. चचांनी ती उलगडली, काठ चाचपला, गज लावून लांबी मोजली.

"माशाअल्लाह, अच्छा पश्मीना है। इस पर सुनहरी गोट लगेगी। कल ले जाइएगा।" आणि शाल घडी करून मागे ठेवून दिली.

एव्हाना वज्रनेत्राचा अंक माझ्या हातात होता. चचांनी तो दोन्ही हातांनी घेतला. शेवटचं पान उघडलं. त्या पट्टीवरून, माझ्या दीड पानांच्या पट्टीवरून, अंगठा फिरवला.

"लेई हमारे हाथ की है," ते म्हणाले.

"काय?"

"मैदे की लेई। उसमें ज़रा-सा नीला थोथा डालते थे कि कीड़ा न लगे। देखिए, आज तक नहीं लगा।"

मग चचांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते ऐकताना माझ्या कानांतून वाफ निघाली असं वहिनी शपथेवर सांगतात.

हे दुकान पूर्वी कॉमिक्स भाड्याने देणारं वाचनालय होतं. मुलं अंक नेत आणि परत आणायला विसरत. मग चचांनी तोड काढली. नवा अंक आला की ते ब्लेडने त्याचं शेवटचं पान कापत, उरलेली पट्टी मलपृष्ठाला लेई लावून चिकटवत, आणि कापलेलं पान पत्र्याच्या पेटीत ठेवत. अंक घरी न्या, वाचा. गुन्हेगार कोण, हे जाणून घ्यायचं असेल तर अंक परत आणा, दुकानात उभं राहून आधी तुमच्या मते गुन्हेगार कोण ते सांगा. नाव बरोबर निघालं तर पान वाचायला मिळेल आणि पानामागच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने सही करायला मिळेल. चुकलं तर उद्या या. दिवसाला एकच नाव.

"पूरे अमीनाबाद में एक हमारी ही लाइब्रेरी थी जहाँ से किताब कभी गुम नहीं हुई," चचा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "एक सेट छोड़कर।"

मी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती हवा आली, मक्खन मलाईसारखी.

म्हणजे लेखकाने त्रेचाळीसही वेळा गुन्हेगार सांगितला होता! लेखकाच्या ओठांवर बोट नव्हतं, बब्बन चचांच्या बोटावर लेई होती. अकरा वर्षं! पाचशेहून जास्त रविवार! आणि बॅगेत दोनशे पानांची मुद्रितं, ज्यांच्या मुखपृष्ठावरच लिहिलं होतं की मी या विषयातला एकमेव जाणकार आहे. एकमेव हे खरं होतं. त्रेचाळीस कॉमिक्स अर्धवट वाचून त्यांवर पुस्तक लिहिणारा दुसरा कोण असणार?

"चचा," मी कसाबसा म्हणालो, "ती पानं…"

त्यांनी रिळांमागून पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडलं. आत पानं, एकावर एक, सुतळीने बांधलेली, पिवळी पडलेली पण कोरी करकरीत. सगळ्यात वर त्रेचाळिसावं, पालथं. मी हात घातला. चचांनी झाकण माझ्या मनगटावर अलगद टेकवलं.

"पहले मुजरिम का नाम, हुज़ूर।"

"अहो, मी लेखक आहे!"

"दस्तूर सबके लिए एक है।"

मग मी उभा राहिलो. सत्कारासाठी पाठ केलेलं भाषण होतंच. लेसच्या दुकानात, तीन बायका आणि रस्त्यावरची अर्धी गर्दी यांच्यासमोर, मी माझ्या कराडी हिंदीत अख्खा सिद्धान्त मांडला: बंद दार, रिकामी खोली, पान उलटणारं बोट. "तो चचा, उस डॉक्टर को मैंने मारा। आपने मारा। इन बहनजी ने मारा।" बहनजींच्या हातातून दुपट्टा पडला. "खूनी है, वाचक!"

मागे एक रिक्षावाला घंटी वाजवायचा थांबला. चचांचे डोळे चमकत होते.

"साहब, इस दुकान पर ऐसी बात आज तक किसी ने नहीं कही।"

मी मान लववली.

"ग़लत है," चचा म्हणाले. "चाय लेंगे?"

मी हात जोडले. सोमवार सांगितला, पुस्तक सांगितलं. दुसरं नाव घेऊ द्या म्हणालो. चचा हळहळले, दोनदा "हाय हाय" म्हणाले, आणि पेटी बंद करू लागले. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, खालचं एक पान काढून त्यांनी पालथंच माझ्यासमोर धरलं.

"आगे नहीं दिखा सकते। पीछे के नाम देख लीजिए, उसकी मनाही नहीं।"

पानाच्या मागे दंतमंजनाची जाहिरात होती आणि तिच्या चहूबाजूंनी मुलांच्या सह्या. चचांनी दुसरं पान दाखवलं. तिसरं. चौथं. प्रत्येक पानावर सगळ्यात पहिली सही एकच होती. वहिनींनी चष्मा लावला आणि वाचली.

"अजीत, रेलवे कॉलोनी।" त्यांचा आवाज बदलला. "भाऊजी, हे बघा. या 'अ'चं शेपूट. हे शेपूट माझ्या घरात किराण्याच्या यादीवर रोज असतं!"

चचा रिळं सारखी करत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. लखनौचा माणूस तुमच्या घरातला चोर तुमच्या हातात देतो आणि स्वतः दुसरीकडे बघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ: चिनहट

दादा गच्चीत उन्हाच्या शेवटच्या चतकोरात खुर्ची टाकून बसला होता. वहिनींनी त्याच्यासमोर त्रेचाळिसावा अंक ठेवला आणि त्या वज्रनेत्रासारखं बोट उचलून उभ्या राहिल्या. 'और क़ातिल है' म्हणायची गरजच पडली नाही.

"पार्किंग!" त्या ओरडल्या. "तीन साल मुझे पार्किंग सुनाते रहे!"

दादाने सगळं सांगितलं. वार्षिक परीक्षा संपल्यावर चचांनी त्याला बक्षीस म्हणून अख्खा संच सुट्टीसाठी घरी दिला होता: सबसे तेज़ दिमाग़ है, एक साथ पढ़ लो। आठ दिवसांत मामाची बदली आली. सामान बांधलं गेलं. दादाला परत द्यायला जायचं होतं, पण त्रेचाळिसाव्या अंकातला गुन्हेगार त्याला सापडला नव्हता, आणि न सापडता देववेना. आज देऊ, उद्या देऊ करत गाडी सुटली. कराडला पोहोचेपर्यंत चोरीच्या भीतीने त्याला ताप भरला, आणि त्याने गठ्ठा माझ्या गळ्यात मारला. मी ज्याला दान म्हणत होतो तो मुद्देमाल होता!

"आणि शेवटची पानं असतात हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती कुठं आहेत हेही सांगावं लागलं असतं."

"अकरा वर्षं, दादा! मी त्या पट्टीवर दीड पान लिहिलं!"

"वाचलं मी," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "दर रविवारी वाचायचो. त्यातल्या बेचाळीस गोष्टींतले गुन्हेगार मला माहीत होते रे. तू लिहायचास, ही आत्म्याची हाक आहे. आणि मला माहीत असायचं की तो माळी आहे. दर रविवारी तुला सांगायला फोन उचलायचो. पण तू इतकं रंगवून लिहायचास की वाटायचं, माळ्यापेक्षा हेच बरं आहे."

मी त्याच्यावर जितका ओरडलो तितका जन्मात कोणावर ओरडलो नाही. खालच्या मजल्यावरचे शर्माजी शिडी घेऊन आले, त्यांना वाटलं गच्चीवर कोणी अडकलंय. ते गेल्यावर मी विचारलं, "आणि त्रेचाळिसावा? त्याचा गुन्हेगार तुला माहीत नाही?"

"पान कुठं पाहिलंय मी! पण माझा अंदाज आहे. चौतीस वर्षांपासून आहे." त्याने अंक उघडला. कागदाला हात लागताच त्याचं वय चौदा झालं. "हे बघ. सकाळी डॉक्टर जिवंत असताना टेबल उघडं आहे, पाय दिसतायत. आणि इथे, मेल्यावर, त्याच टेबलावर जमिनीपर्यंत चादर. चादर कोणी घातली? कशाला घातली? दवाखान्यात चादरी घालायचं काम कोणाचं असतं?"

मी ते चित्र तीनशे वेळा पाहिलं होतं. त्या चादरीवर माझ्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. शीर्षक, 'मृत्यूचा शुभ्र रंग'.

"टेबलाखाली कोणीतरी दुपारपासून बसलंय," दादा म्हणाला. "डोळ्याला सहा तासांपूर्वीची खोली दिसते. टेबलाखालचं दिसत नाही."

वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "उद्या चला," त्या म्हणाल्या. "दोघंही. आणि रिक्षाने."

तिसरा दिवस: पुन्हा अमीनाबाद

रिक्षातून दादा सगळ्यात शेवटी उतरला. शेकडो मालगाड्यांची जबाबदारी वाहणारा माणूस, टक्कल पडलेला, गल्लीच्या तोंडाशी येताच माझी बाही धरून चालू लागला. दुकानापुढे उभा राहिला. हातातला अंक पुढे केला.

बब्बन चचांनी चष्म्यावरून पाहिलं. टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, अंक पाहिला.

"अरे, अजीत बाबू!" ते म्हणाले. "बड़ी जल्दी पढ़ ली।"

दादा तिथंच, लेसच्या रिळांमध्ये, हमसून हमसून रडला. या भागात मी एका शब्दाचीही अतिशयोक्ती करत नाही. वहिनींनी पदर त्याच्या हातात दिला. चचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चौतीस वर्षं हा हिशेब मनात ठेवलेल्या माणसाने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. मग पेटी ओढली.

"रोना बाद में। पहले मुजरिम का नाम।"

दादाने नाक पुसलं. ताठ उभा राहिला. "कंपाउंडर," तो म्हणाला.

चचांनी पान उलटलं.

आम्ही तिघांनी डोकी एकत्र केली. "और क़ातिल है…" नंतरची पहिलीच चौकट: चादर उचललेली, खाली कंपाउंडर, हातात सुई. खालच्या कोपऱ्यात डॉक्टरचं औषधांचं कपाट आणि चार ओळींत सगळा उलगडा. आत्म्याची हाक नाही, पानाबाहेरचा वाचक नाही. कंपाउंडर! अकरा वर्षांची माझी इमारत एका माणसाने टेबलाखालून सुई टोचून पाडली.

दादाने पान पालथं केलं आणि सही केली. शेपटीचा 'अ', चौतीस वर्षं उशिरा.

तेवढ्यात चचांनी माझी शाल आणून दिली. चारी बाजूंनी सोनेरी गोट लावलेली, लखलखीत, लग्नातल्या घोड्यावर घालावी अशी. मी ती उघडली. आपल्या खांद्यावर कशी दिसेल, याचा क्षणभर विचार केला, खोटं कशाला बोलू? मग ती अजितदादाच्या खांद्यावर घातली. सत्कार ठरलेलाच होता, मूर्ती बदलली. कालच्याच तीन बायका दुपट्टे न्यायला आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिथूनच मी प्रकाशकाला फोन लावला. रविवार असूनही त्याने उचलला.

"होकार ना?" तो म्हणाला.

"थांबवा. पुस्तक अपुरं आहे."

"कमाल करता! शेवटचं पान राहिलंय का?"

"त्रेचाळीस राहिलीत," मी म्हणालो. त्यानंतर तो जे बोलला ते आमच्याकडच्या भाषेत नेहमीचंच आहे, पण लखनौच्या हवेत फार कर्कश वाटलं. मी फोन कानापासून लांब धरला आणि गल्लीकडे बघत हसत राहिलो.

चचांशी ठरलं ते असं. कराडच्या माळ्यावरचे बेचाळीस अंक दादा परत आणणार, पेटीत आपापल्या पानांशेजारी ठेवणार. मी लखनौला येणार, एकेक अंक वाचणार, दिवसाला एक नाव सांगणार. दादाने मला काही सांगायचं नाही, अशी चचांची अट. सदर चालूच राहील. फक्त आता दर रविवारी आधी माझा अंदाज छापायचा आणि पुढच्या रविवारी पेटीतला निकाल. पुस्तकाची प्रस्तावना मी परतीच्या विमानात लिहायला घेतली. पहिलं वाक्य: 'या लेखकाने या कॉमिक्स वाचलेल्या नव्हत्या.'

निघताना मी चचांना विचारलं, "आपको तो पहली बार में ही पता चल गया था, मैंने पूरी नहीं पढ़ीं. फिर इतने महीने मेरे लेख सुनते क्यों रहे?"

त्यांनी पेटी पुन्हा उघडली. त्रेचाळिसावं पान पुन्हा पालथं केलं. दंतमंजनाच्या डबीखाली बोटभर जागा उरली होती. कानामागची जांभळी पेन्सिल काढून, जीभ लावून, त्यांनी स्वतःच्या हाताने तिथं लिहिलं. चुकलेल्याचं नाव त्या पेटीत आजवर कधी गेलं नव्हतं, असं दादा नंतर म्हणाला. लिहून झाल्यावर चचांनी पान माझ्यासमोर धरलं: 'बाळासाहब, कराड। ग़लत, मगर क्या ख़ूब।'

अकरा वर्षांत माझ्या लिखाणाचं पुष्कळ कौतुक झालं. मूळ कॉमिक्स शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाने केलेलं हे पहिलंच.